दोन इंच उंची आणि १८९६ सालचा एक कोन

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला: फोर बाय फोरला दोन इंचांचं लिफ्ट किट टाकलं, गाडी दिसते भारी, पण हायवेवर ८०-९० ला स्टिअरिंग भरकटतंय. सरळ जायला सारखं सावरावं लागतं. असं का?

उत्तर थोडं मागून, म्हणजे घोडागाडीपासून सुरू होतं.

मुंबईची व्हिक्टोरिया आठवा. तिचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळ्यावर फिरायचा. जोरात वळवलं की गाडीचा पाया अरुंद व्हायचा आणि उलटायची भीती. म्युनिकच्या लँकेनस्पेर्गर नावाच्या गाडी बनवणाऱ्याने वेगळा विचार केला. आस जागेवर ठेवायचा, फक्त चाकं आपापल्या खिळ्यावर वळवायची. १८१८ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं रुडॉल्फ अ‍ॅकरमनने. हा मूळचा चित्रं आणि पुस्तकं छापून विकणारा माणूस, लँकेनस्पेर्गरचा एजंट. आज जगभरातली इंजिनिअरिंगची पोरं ‘अ‍ॅकरमन जॉमेट्री’ पाठ करतात, शोधणाऱ्याचं नाव कुणालाच माहीत नाही. (ओपन सोर्समध्ये काम केलेल्यांना हे दुःख समजेल.) कार्ल बेंझची १८८६ ची पहिली मोटार तीनचाकी होती. चार चाकांचं हे स्टिअरिंग त्याने १८९३ मध्ये आणलं.

चाकं वळायला लागली. पण वळून झाल्यावर सरळ कोण करणार?

इथे येतो आर्थर क्रेब्स. फ्रेंच लष्करातला अधिकारी. १८८४ मध्ये शार्ल रेनारबरोबर त्याने ‘ला फ्रान्स’ नावाचं हवाई जहाज उडवून परत त्याच जागी उतरवलं होतं. १८९६ च्या पेटंटमध्ये त्याने पुढचा आस किंचित मागे कलता ठेवायला सांगितलं. याला आपण कॅस्टर म्हणतो. सायकलचा पुढचा चिमटा बघा, वरून मागे झुकलेला असतो. त्याची रेषा जमिनीपर्यंत ओढली तर ती टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे लागते. म्हणजे टायर त्या रेषेच्या मागून ओढला जातो आणि आपोआप सरळ होतो. हँडल सोडून सायकल चालवता येते, त्यात या कोनाचा मोठा हात आहे. गाडीत हा कोन जेमतेम काही अंशांचा. पुढच्याच वर्षी क्रेब्स पॅनहार्ड कंपनीचा प्रमुख झाला. या कंपनीचं नाव लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

आता जीप. मुंबईत महिंद्राने विलिस जीप जोडायला सुरुवात केली १९४७ मध्ये. त्या जीपला पुढे अखंड आस आणि लीफ स्प्रिंग, म्हणजे आपले पाटे. पाटे किंवा शॅकल बदलून उंची वाढवली की आसाचा कल बदलू शकतो. त्यावर जुना उपाय म्हणजे पाटा आणि आस यांच्यामध्ये लोखंडी पाचर. सुतार दार बसवताना मारतो तशीच.

खरा गुंता पुढे झाला. १९६६ ची फोर्ड ब्रॉन्को, १९७० ची रेंज रोव्हर, आणि आपल्याकडे २०२३ मध्ये आलेली जिम्नी: या सगळ्यांत पुढचा आस कॉइल स्प्रिंगवर आणि दोन लांब आर्मवर बसतो. आर्म आसाला घट्ट धरतात आणि मागे जाऊन चासीला जोडतात. चासी वर उचलली की आर्मचं मागचं टोक वर जातं, आणि त्याच्याबरोबर आस पुढच्या बाजूला गोल फिरतो. गणित सोपं आहे. आर्म ९०० मिलिमीटरचा धरा, उचल ५० ची. कोन बदलला साधारण ३ अंशांनी. मुळातच कॅस्टर ३ अंश असेल तर शिल्लक काय? शून्य. दोन इंचांसाठी क्रेब्सचं अख्खं पेटंट गेलं.

ब्रॉन्कोवाल्यांनी यावर बाजारच उभा केला: आर्म आणि आस यांच्यामध्ये बसणारे तिरके बुश, २, ४ आणि ७ अंशांचे. दुसरा मार्ग म्हणजे आर्मचं चासीकडचं टोक ब्रॅकेट लावून खाली आणायचं. यात कोन चांगला सुधारतो, पण ब्रॅकेट दगडाला लागतो, म्हणजे ज्यासाठी उंची घेतली तेच थोडं परत दिलं. आणि बुशने आस मागे फिरवला की डिफरन्शियलचं तोंड खाली वळतं. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटवर जास्त वाकडा कोन येतो आणि थरथर सुरू होते. एक बग फिक्स केला की दुसरा उघडतो, तसंच.

आता पॅनहार्ड परत. कॉइल स्प्रिंग आसाला आडवं धरत नाही, म्हणून एक आडवी दांडी लागते: पॅनहार्ड रॉड. गाडी उचलली की ही दांडी तिरकी होते आणि आस एका बाजूला सरकतो. स्टिअरिंगची ड्रॅग लिंकही तशीच तिरकी होते. या दोन्ही दांड्या समांतर हव्यात. फक्त एकच दुरुस्त केली तर खड्ड्यात चाक वरखाली होताना गाडी स्वतःच वळते. आपल्या घाटात, समोरून ट्रक येत असताना, हे मला तरी नको.

माझं मत स्पष्ट आहे: कॅस्टर दुरुस्तीचे भाग ज्या किटमध्ये नाहीत, ते अर्धं किट आहे, स्वस्त असलं तरी. अलाइनमेंटच्या मशीनवर टो हिरवा दिसला म्हणून खूश होऊ नका. अखंड आसात उचलल्याने टो फारसा बदलतच नाही. कॅस्टरचा आकडा मागा, किट बसवण्याआधीचा आणि नंतरचा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ पण वाचून घ्या. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलायला मनाई आहे, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते ठणकावून सांगितलंय.

ज्यांचं किट आधीच बसलंय त्यांनी एक करा. मोकळ्या मैदानात हळू वेगाने स्टिअरिंग अर्धं वळवा आणि हात सैल सोडा. ते स्वतःहून मध्याकडे येत नसेल, तर कॅस्टर मोजून घेईपर्यंत एक्सप्रेसवे राहू द्या.