सावलीतील पारिजातक

बीदरचे पठार जांभ्या दगडाचे. त्याच्या कडेखाली जेथे झरे फुटले तेथे देवस्थाने वसली. पापनाशाचे शिवस्थान त्यांपैकीच होय. जनवाडा आदिकरून मांजरेच्या खोऱ्यातील गावीही देवळाच्या आवारात वड-पिंपळांची सावली असते, व तेथे फुलबाग करावयाची म्हटली की मंडळी हटकून बोगनवेल आणतात. ही वेल ब्राझीलची, उन्हाची भुकेली. सावलीत ती पाने तेवढी देते. (आपला देवचाफाही मूळचा अमेरिकेचाच, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल!)

या जागेचे खरे झुडूप पारिजातक. मांजरा ज्या गोदावरीस मिळते तिच्या टेकड्यांवर तो रानात आढळतो. खडकाळ उतार व अर्धी सावली त्यास मानवते.

त्याचा लिखित इतिहासही आपल्याच भूमीत घडला. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापविलेल्या ग्रंथात त्यास ‘दुःखी वृक्ष’ म्हटले असून येथील लोकांची कथाही नोंदविली आहे. पारिजातक नामक कन्येने सूर्यावर प्रेम केले, त्याने तिचा त्याग केला, तिने देह जाळला, आणि त्या राखेतून उगवलेल्या झाडास सूर्यदर्शन नकोसे झाले. म्हणून ते रात्री फुलते. फुलांच्या केशरी देठांनी अन्नास रंग येतो, हेही ओर्ता सांगतो. खुद्द त्याच्या अस्थी मृत्यूनंतर, १५८० साली, इन्क्विझिशनने उकरून जाळल्या. ग्रंथ मात्र उरला.

पुढे कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, व्हान ऱ्हेडने, ‘हॉर्टस मलबारिकस’ हा द्वादशखंडी ग्रंथ १६७८ पासून ॲम्स्टरडॅम येथे छापविला. पहिल्याच खंडात पारिजातक आहे. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्याप्रमाणेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तिघा कोकणी ब्राह्मणांचे त्यास साह्य झाले, आणि १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. आमच्या वाचकांनी याचा अभिमान अवश्य बाळगावा. पण त्या तिघांनी ओळखून दिलेली झुडपे आपल्याच देवळांतून हद्दपार होत असता नुसत्या अभिमानाने काय साधणार? १७५३ साली लिनियसने ‘दुःखी वृक्ष’ हेच नाव शास्त्रात कायम केले. पेंडगुळाच्या कुळास त्याने दिलेले ‘इक्झोरा’ हे नाव तर ‘ईश्वर’ शब्दाचेच रूप मानतात.

भूमीवर पडलेले फूल देवास वाहू नये असा सामान्य नियम; पारिजातक त्यास अपवाद. तेव्हा येत्या पावसाळ्यात आवाराच्या कडेस, पाणी साचणार नाही अशा जागी, बियांपासून केलेली दोन-चार रोपे लावावीत. खाली जमीन सारवलेली असली म्हणजे पहाटेचा सडा वेचण्यास सोपा जातो.