सर्वांना चालता येईल अशी वाट



राजांचा इतिहास आपण वाचतो, किल्ल्यांचा वाचतो, लढायांचा तर शाळेत असल्यापासून वाचतो. पण ज्या वाटांनी ती माणसे चालत गेली, त्या वाटांचा इतिहास आपल्याला सहसा कोणी सांगत नाही. आज मी तोच सांगणार आहे, आणि त्यासाठी वसई तालुक्यातले वटार हे गाव घेणार आहे.

वटारच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. या पट्ट्यात केळीच्या, पानवेलीच्या आणि फुलांच्या वाड्या, वाडीच्या कडेला पाण्याचे बावखल, आणि एका आळीतून दुसऱ्या आळीत जाणाऱ्या अरुंद पायवाटा. पूर्वेला सोपारे. त्याच्याही पलीकडे, रेल्वेचा रूळ आणि मुंबई-अहमदाबाद रस्ता ओलांडला की तुंगारचा डोंगर उभा. वटारला राहणाऱ्या माणसाला म्हणूनच तऱ्हेतऱ्हेच्या वाटा जवळ आहेत. निर्मळची किंवा सोपाऱ्याच्या स्तूपाची वाट सपाट आहे. नातवाचा हात धरून आजोबांनी हळूहळू जावे अशी. विरारच्या जीवदानीची वाट चढणीची, पण पायऱ्यांची. आणि तुंगारेश्वराच्या रानात शिरणारी वाट धडधाकट पायांची आहे. सपाट, चढणीची आणि रानातली, अशा तिन्ही वाटा इतक्या जवळ मिळणे हे भाग्यच म्हणायचे.

आता प्रश्न असा की, वाट सर्वांची होते कशी? पाय पडत गेले की पायवाट पडते, हे खरे. पण पाय पडतात ते सशक्ताचे. म्हातारा, गरोदर बाई, लहान मूल, अधू माणूस यांनाही तीच वाट चालता यावी, यासाठी कोणीतरी मुद्दाम काही करावे लागते. हे मुद्दाम केलेले काम कोणी आणि केव्हा केले, याचा फार जुना लेखी पुरावा आपल्या याच परिसराशी जोडलेला आहे.

इ. स. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यात उत्खनन केले. ज्या टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत असत, ते टेकाड म्हणजे विटांचा बौद्ध स्तूप निघाला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. त्याच साली भाटेळे तलावाजवळ त्यांना एक फुटका काळा दगड सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे होती. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचाही तुकडा मिळाला. भुईगावही वसई तालुक्यातलेच.

सोपाऱ्याच्या दगडावर अक्षरे थोडीच उरली आहेत. पण गिरनार वगैरे ठिकाणी हाच लेख पुरा आहे, म्हणून त्याचा अर्थ कळतो. या आठव्या लेखाचा विषयच मुळी प्रवास हा आहे! अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. शिकार आणि मौज एवढाच तिचा हेतू. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला, आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत काय होत असे? ब्राह्मणांचे आणि श्रमणांचे दर्शन व त्यांना दान, वृद्धांचे दर्शन व त्यांना द्रव्यसाहाय्य, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट, त्यांच्याशी धर्माविषयी बोलणे, विचारपूस करणे.

मंडळी, दोन हजार दोनशे वर्षांपूर्वीचा हा मजकूर आहे. राजा चालू लागतो ते वृद्धांना आणि ग्रामीण लोकांना भेटण्यासाठी! दुसऱ्या शिलालेखात तो असेही सांगतो की, माणसांसाठी आणि जनावरांसाठी वाटांवर विहिरी खोदविल्या आणि झाडे लावविली. जनावरांचा उल्लेख त्याने विसरून केलेला नाही. वाटेवर तहान सर्वांनाच लागते.

यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षांनी दुसरा एक दाता पुढे येतो. त्याचे नाव उषवदात. क्षत्रप राजा नहपानाचा हा जावई. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यात, त्याच्या दानांचा लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आपले सोपारे, या चार ठिकाणी त्याने चौसोपी धर्मशाळा बांधल्या. बागा, तळी, विहिरी करविल्या. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि दाहानुका या नद्यांवर होड्या ठेवून लोकांना फुकट पार नेण्याची सोय केली. दाहानुका म्हणजे डहाणूची खाडी, असे अभ्यासक मानतात. नद्यांच्या दोन्ही तीरांवर त्याने निवारे बांधले आणि पाणपोया घातल्या.

हा लेख नीट वाचला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तरुण पोहणाऱ्याला नदी अडवीत नाही, आणि पैसेवाल्यालाही अडवीत नाही. अडतो तो ज्याच्या अंगात बळ नाही आणि कनवटीला पैसा नाही. फुकट होडी ही त्याच्यासाठी. धर्मशाळा ही ज्याला एका दिवसात पल्ला गाठता येत नाही त्याच्यासाठी. ज्याला सर्वांत अधिक वेळ लागतो, त्याला समोर ठेवून उषवदाताने वाट आखली होती.

बौद्ध जातककथांत सुप्पारक नावाच्या तांडेलाची एक गोष्ट आहे. आर्यशूराच्या जातकमालेत तर या तांडेलाच्या नावाचा संबंध आपल्या सोपाऱ्याशी जोडलेला आहे. पाली कथेप्रमाणे समुद्राच्या खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले होते. तरी व्यापारी त्यालाच गलबतावर घेऊन गेले, आणि अनोळखी समुद्रात त्या आंधळ्यानेच सर्वांना सुखरूप परत आणले. ही कथाच आहे, तिला इतिहास म्हणता येणार नाही. पण जे लोक अशी कथा सांगत होते, त्यांना अधू माणसाला घरी बसवावे असे वाटत नव्हते, एवढे तिच्यावरून कळते.

हीच रीत पुढे यात्रांनी सांभाळली. निर्मळला कार्तिक वद्य एकादशीची यात्रा भरते. पोर्तुगीज अमलात या क्षेत्राची मोडतोड झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर मराठ्यांच्या अमलात त्याला पुन्हा ऊर्जितावस्था आली. यात्रेची वाट ही सर्व वयांच्या माणसांची वाट असते. ती लहान टप्प्यांची. मध्ये सावली, तळ्याचे पाणी, टेकायला पार. शिदोरीला आगाशीची सुकेळी घेतली की झाले. ती चार दिवस टिकते आणि दात नसलेल्यालाही खाता येते!

जीवदानीचा डोंगर पाहा. देवीचे स्थान उंच कड्यावर, जुन्या कोरीव लेण्यात. तेथे जायला तेराशेहून अधिक पायऱ्या आहेत. पायरी म्हणजे काय? अख्ख्या डोंगराची चढण वयस्कर गुडघ्यांना झेपेल अशा लहान तुकड्यांत वाटून दिली, की तिला पायऱ्या म्हणतात. ज्यांना त्याही झेपत नाहीत त्यांच्यासाठी आता रज्जुमार्ग आहे. तुंगारेश्वराची वाट मात्र निराळी. तिथे ओढे ओलांडावे लागतात आणि पावसाळ्यात ते फुगतात. हे रान २००३ साली अभयारण्य झाले. तिथे पायऱ्या आणि हातगाड्या नेण्याचा हट्ट धरू नये. प्रत्येक वाट प्रत्येकासाठी सोपी करणे शक्य नाही. पण प्रत्येकाला झेपेल अशी एक तरी वाट त्याच्या गावाजवळ असली पाहिजे.

आता थोडे दूर, युरोपातल्या आल्प्स पर्वतात जाऊ. स्वित्झर्लंडमध्ये योहान याकोब एस नावाचे एक शिक्षक होते. १९३० च्या सुमारास ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन क्लाउसेन घाटातून पायी निघाले. पण घाटात मोटारी येऊ लागल्या होत्या. धूळ आणि भोंगे, आणि मुलांना घडोघडी बाजूला व्हावे लागे. जुनी चालण्याची वाट मोटारीने घेतली होती. एस यांनी ही गोष्ट मनावर घेतली आणि १९३४ साली ऑटो बिंडर यांच्यासह पायवाटांसाठी एक संघटना उभारली. आज त्या देशात सुमारे ६५ हजार किलोमीटर पायवाटा खुणा करून राखलेल्या आहेत. पिवळी पाटी म्हणजे सोपी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. पांढरा-निळा-पांढरा पट्टा म्हणजे अवघड, जाणत्यानेच जावे अशी. पाटीवर अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहितात. त्यामुळे ज्याचे पाय हळू त्याला आपला हिशेब घरीच करता येतो. १९७९ साली तर लोकांनी मतदान करून पायवाटांना राज्यघटनेत स्थान दिले. आणि या सगळ्याची सुरुवात एका शाळामास्तरांपासून झाली!

वसईच्या पट्ट्यातही मोटारी वाढल्या, वस्ती वाढली, जुन्या पायवाटा रुंद होऊन रस्ते झाले. रस्त्याने भाजी लवकर बाजारात जाते, आजारी माणूस वेळेवर दवाखान्यात पोचतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण रस्ता रुंद करताना कडेचे झाड तुटले, विहिरीवर झाकण आले आणि पार गेला, की त्या वाटेवरून काही माणसे कमी होतात. कोणी त्यांना मनाई केलेली नसते. ती आपणहून घरी बसतात. देवळात, चर्चमध्ये, लेकीच्या घरी जाणे हळूहळू सुटते आणि आपण म्हणतो, वय झाले.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडून एक काम व्हावे असे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन आपल्या गावाभोवतीच्या वाटांचा नकाशा करा. मुलांनी बरोबर घड्याळ न्यावे आणि एखाद्या आजीलाही न्यावे. आजीला जो वेळ लागेल तोच नकाशावर लिहावा. सावली कुठे, पाणी कुठे, बसायला जागा कुठे, आणि ओलांडता येत नाही असा रस्ता कुठे, याच्या खुणा कराव्यात. तो कागद ग्रामसभेत किंवा पालिकेत वाचून दाखवावा. इतिहासाचा आणि भूगोलाचा एवढा चांगला धडा दुसरा सापडणार नाही.

अशोकाचा दगड फुटला, उषवदाताच्या धर्मशाळा मातीत गेल्या. पण त्यांनी केलेली कामे अवघड नव्हती. झाड लावणे, विहीर राखणे, पाणपोई घालणे, चार माणसांना बसता येईल एवढा ओटा बांधणे. वटारपासून तुंगारपर्यंत कोणत्याही गावाला ती आजही करता येतील.