बच्चे की दुआ

उर्दू प्राथमिक शाळेत शिकलेल्या कोणालाही विचारा, पाटी-पेन्सिलीआधी त्याला सकाळची दुआ आठवते. घरी मराठी बोलणाऱ्या आम्हा मुलांना तिची चाल लगेच पाठ झाली, अर्थ पुढे उमजला. इक्बाल यांनी ती १९०२ मध्ये लिहिली. १९२४ च्या ‘बांग-ए-दरा’ संग्रहात ती ‘बच्चे की दुआ’ नावाने आली. त्यात मूल काय मागते? इल्मची ओढ, गरीब-दुबळ्यांची सेवा, वतनाची शोभा, वाईटापासून बचाव. तरीही २०१९ मध्ये उत्तर प्रदेशातील पिलीभीत जिल्ह्यात ती म्हणवून घेतल्यावरून एका मुख्याध्यापकांना निलंबित व्हावे लागले. दुआत ‘अल्लाह’ हे संबोधन आहे, हे खरे. पण मागणे मात्र प्रत्येक आई आपल्या लेकरासाठी मागते तेच आहे.