शिडाचे दोर

शिडाचे दोर : शिडाच्या नौकेवरील दोर दोन प्रकारचे असतात. डोलकाठीला आधार देणारे ते स्थिर दोर आणि शीड चढविण्यासाठी व वाऱ्याच्या रोखाप्रमाणे वळविण्यासाठी वापरले जाणारे ते चल दोर होत. चल दोर कमी ताणणारा, कप्पीवरून सहज वळणारा व हाताला इजा न करणारा असावा लागतो. ऐन वाऱ्यात तो तुटल्यास शीड खाली येऊन नौका खडकावर जाण्याचा धोका असतो.

पश्चिम किनाऱ्यावर काथ्याचा दोर पूर्वापार प्रचारात होता. तो हलका असून खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो. मात्र फार ताणला जातो. त्यामुळे नांगरासाठी तो उत्तम. शीड ताठ राखण्यास हेंप व ताग हे तंतू अधिक योग्य. मुंबईच्या गोदीत अठराव्या शतकात दोर वळण्याचा कारखाना होता व तेथे हेंप आणि काथ्या या दोहोंचे दोर होत, असे १७७५ मध्ये मुंबईस आलेल्या एब्राहम पार्सन्स याच्या वर्णनावरून दिसते. काळा घोडा भागातील ‘रोप वॉक’ या गल्लीच्या नावात त्या उद्योगाची आठवण टिकून आहे. क्रिमियन युद्धाच्या काळात (१८५३–५६) रशियन हेंपला पर्याय शोधण्याची निकड इंग्लंडला भासली. जॉन फोर्ब्स रॉइल याने भारतीय तंतुवनस्पतींवरील आपल्या ग्रंथात (१८५५) तागाचा, तसेच मराठवाड्यात जिच्या वाखापासून कासरे व चऱ्हाटे वळीत त्या अंबाडीचाही परामर्श घेतला.

विल्हेल्म आल्बर्ट याने १८३४ मध्ये जर्मनीतील हार्ट्‌स येथील खाणींसाठी तारेचा दोर तयार केला. जहाजांवर प्रथम स्थिर दोरांची जागा तारेने घेतली. विसाव्या शतकात शर्यतीच्या नौकांवर शीड चढविण्यासाठीही तार आली. हाताळण्याच्या टोकाला मात्र तंतूचा दोर जोडीत. तारेला ताण कमी; पण तिला मोठ्या व्यासाची कप्पी लागते, ती गंजते आणि तिचे तुटलेले धागे हाताला जखमा करतात. शीड वळविण्याचे दोर म्हणूनच तंतूचेच राहिले.

पॉलिएस्टर (१९४१) व पुढे उच्च सामर्थ्याचे पॉलिएथिलीन यांमुळे तारेचे वर्चस्व ओसरले. हे पॉलिएथिलीन समान वजनाच्या पोलादापेक्षा कितीतरी बलवान असते. तथापि सततच्या भाराखाली ते हळूहळू लांबते व घर्षणाच्या उष्णतेने वितळू शकते. तारेऐवजी असा दोर बसविताना तारेने खरवडलेल्या कप्प्या बदलणे आवश्यक असते. अन्यथा नवा दोर लवकर झिजतो.