अनुबोधपट आणि द्रव्यबळ

१९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली. चित्रपटगृहांना तिचे अनुबोधपट भाडे देऊन दाखवावे लागत. त्यामुळे सरकारी अनुबोधपटास द्रव्य व प्रेक्षक दोन्ही लाभले. स्वतंत्र निर्मात्यास दोहोंची वाण होती. १९७४ च्या बिहार आंदोलनाचा काही भाग आनंद पटवर्धन यांनी स्वस्त सुपर-८ फितीवर टिपला व पडद्यावर पाडून १६ मिलिमीटरवर पुन्हा चित्रित केला. १ सप्टेंबर २०२३ रोजी अंतरवाली सराटीत झालेल्या लाठीमाराची दृश्ये मात्र लगोलग घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. फितीचा खर्च सरला. परंतु गावात दीर्घकाळ राहणे, साक्षी पडताळणे, संकलन व जतन यांचा खर्च सरला नाही. फिल्म्स डिव्हिजनही २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तेव्हा दृश्ये विपुल असूनही त्यांचा इतिहास घडविण्यास लागणाऱ्या काळाचे मोल कोणी द्यावे, हा प्रश्न अनिर्णितच आहे.