दप्तरात सापडलेले संगीत

परवा रात्री मानेसर येथील बिऱ्हाडी एक ध्वनिमुद्रण ऐकत असता कोणी सारंगीच वाजवीत आहे असा मला भास झाला. वाद्य होते युरोपातील व्हायोला द गांबा. तेही उभे धरतात आणि गज सारंगियाप्रमाणे तळहात वर करून चालवितात. मात्र त्याच्या दांडीवर तातीचे पडदे बांधलेले असतात.

हॅम्बुर्गच्या टेलेमानने 1735 साली या वाद्याच्या एकट्या वादनासाठी बारा फँटेसिया स्वतः छापून प्रसिद्ध केल्या. साथीला कोणी नाही. एकच गज प्रश्न करतो आणि खालच्या तारेवर त्याचे उत्तरही तोच देतो. पुढे गांबा मागे पडली, प्रती नाहीशा झाल्या, आणि त्या रचना कायमच्या गेल्या असेच अभ्यासक समजून चालले.

ओस्नाब्रुकच्या सरकारी दप्तरखान्यात लेडेनबर्ग येथील जुन्या गढीचा संग्रह ठेवलेला होता. त्यात 2015 साली गांबावादक थॉमस फ्रिट्श यांना एक छापील प्रत मिळाली. 2016 साली त्या फँटेसिया पुन्हा छापल्या गेल्या.

श्रोतेहो, पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनी सोडले आहेत, त्यांना याचे फारसे नवल वाटणार नाही. मी पडलो कचेरीतला माणूस. जुन्या नस्त्या नष्ट करण्याच्या कितीतरी याद्यांवर मी न वाचता सह्या केल्या आहेत. त्या रात्री पहिली फँटेसिया मी पुन्हा लावली.