डिकीतला समभुज चौकोन

अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातले कॉनेस्टोगा घोडागाड्यांचे गाडीवान प्रवासाला निघताना जॅक सोबत घेऊनच निघत. लाकडी धड, त्यात वरखाली सरकणारी लोखंडी दातेरी पट्टी आणि बाजूला हँडल, एवढाच त्याचा पसारा. पंक्चर हा प्रकार तेव्हा नव्हता. चाक काढायचे ते आसाला वंगण द्यायला. लोहार अशा जॅकवर साल आणि आद्याक्षरे ठोकत, म्हणून त्यांतल्या कित्येकांचे वय आजही वाचता येते.

स्क्रूने ओझे उचलायची युक्ती याहूनही जुनी. विलार द ऑनकूर या फ्रेंच माणसाच्या तेराव्या शतकातल्या चित्रवहीत तसे एक यंत्र काढलेले आहे.

मोटार आली आणि जॅकचे काम बदलले. १९०४ साली वेल्समधल्या लानेली गावात डेव्हिस बंधूंनी स्टेपनी स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातून हवा भरलेल्या टायरची एक कडी विकायला काढली. पंक्चर झालेले चाक न काढता ही कडी त्यालाच आवळून पुढे जायचे. रस्त्याचे ते नाव आपल्याकडच्या प्रत्येक टायरवाल्याच्या तोंडी अजून आहे. पुढे अख्खे चाकच सुटे करता येऊ लागले आणि गाडी उचलण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

मग जॅक गाडीतच का बसवू नये? १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘जॅकऑल’ या यंत्रणेने हेच केले. एमजीच्या एसए आणि डब्ल्यूए या मोटारींना खालून चार हायड्रॉलिक जॅक कायमचे जोडलेले असत. दांडा मारून पंप चालवला की गाडी आपल्याच पायांवर उभी राही. थाट मोठा होता! पण वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या सोयीसाठी चार जॅक, नळ्या आणि तेल रोज वागवायचे, हा सौदा काही परवडण्यासारखा नव्हता. ही कल्पना शर्यतीच्या गाड्यांत मात्र टिकली. इंडीकार आणि ल मान्सच्या गाड्या आजही अंगच्याच हवेच्या जॅकवर उचलल्या जातात.

अमेरिकेत बराच काळ बंपरला अडकवायचा उभा जॅक चाले. बंपर जाड पोलादाचे होते तोवर ते ठीक होते. बंपर मऊ झाले आणि सांगाडा व बॉडी एकजीव असलेल्या गाड्या सर्वत्र झाल्या, तेव्हा भार घेण्याची जागा दाराखालच्या जोडपट्टीवर आली. त्या पट्टीखाली शिरेल इतका बुटका, स्टेपनीशेजारी मावेल इतका चपटा आणि कारखानदाराला स्वस्त पडेल असा जॅक हवा होता. कात्री जॅकने बाजी मारली ती इथे.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पत्रा दाबून पन्हळीसारख्या केलेल्या चार भुजांचा हा समभुज चौकोन. आडव्या कर्णात लांब स्क्रू. त्याच्या एका टोकाच्या कोपऱ्यात नट, दुसऱ्या टोकाला हँडल अडकवायची जागा. वरच्या आणि खालच्या कोपऱ्यांत भुजांच्या टोकांना दाते असतात. ते एकमेकांत गुंतल्यामुळे दोन्ही बाजू सारख्याच उचलल्या जातात, चौकोन एका अंगाला कलंडत नाही.

खरी गंमत कोनाची आहे. चाकावरचा भार ४०० किलो धरा. भुजा जमिनीशी १५ अंशांत असताना स्क्रूवर सुमारे १५०० किलोंची ओढ येते. ४५ अंशांवर ती ४०० किलो होते आणि ६० अंशांवर २३० किलोंच्या आसपास. म्हणजे जॅक जितका चपटा, तितका त्याचा जीव मेटाकुटीला. म्हणूनच तो आधी मोकळा असताना हातानेच फिरवून पट्टीला टेकवतात आणि मग पान्याला हात घालतात. वर जाताना हँडल हलके होते, पण दर फेऱ्याला गाडी आधीपेक्षा कमी उचलली जाते. फुकट काहीच मिळत नाही.

हँडल सोडले तरी गाडी खाली येत नाही, याचे श्रेय घर्षणाला. स्क्रूच्या आट्यांचा चढ मुद्दाम इतका कमी ठेवतात की भार स्क्रूला उलटा फिरवू शकत नाही. त्याची किंमत म्हणजे आपले निम्म्याहून जास्त श्रम घर्षणातच जातात. इंजिनिअरिंगच्या भाषेत ही अकार्यक्षमता. हायवेच्या कडेला घाम गाळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हाच त्याचा विमा. तो विमा बाजूच्या धक्क्याला लागू नाही, कारण जॅकचा तळ अरुंद असतो. जाणता मेकॅनिक म्हणूनच तिरक्या समोरच्या चाकाला दगड लावतो, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले करतो आणि काढलेले चाक पट्टीखाली सरकवून ठेवतो.

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या प्रवासी मोटारींवर आता स्टेपनीची सक्ती नाही. स्टेपनी गेली की जॅकलाही गाडीत फारसे काम उरत नाही. तेव्हा नवी गाडी ताब्यात घेताना डिकीतला गालिचा एकदा उचलून पाहा. खाली जॅक असेलच असे धरून चालू नका.